कंपायलरला टाइप हिंट द्यायची, पण नेमकी कुठे?

पायथॉनमध्ये टाइप हिंट, म्हणजे कुठल्या नावात आकडा येणार की मजकूर हे कोडमध्येच लिहून ठेवायची सोय, आली ती ३.५ व्हर्जनपासून, २०१५ साली, पेप ४८४ (भाषेत बदल सुचवणारा प्रस्ताव) मधून, आणि तेव्हापासून एक गोष्ट सगळ्यांना पाठ झालेली आहे की हिंट लिहा नाहीतर नका लिहू, प्रोग्राम चालायचा तसाच चालतो. फंक्शनच्या आर्ग्युमेंटला इंट (पूर्णांक) लिहिलं आणि कॉल करताना स्ट्रिंग (मजकूर) पाठवली तरी पायथॉन काही बोलत नाही. मायपाय नावाचं हिंट तपासणारं टूल बोलतं, एडिटर खाली लाल रेघ मारतो, पायथॉन मात्र गप्प. त्यामुळे हिंट म्हणजे पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेली माहिती अशीच सवय लागते, आणि नोटबुकमध्ये मॉडेल ट्रेन करणारे लोक तर तीही लिहीत नाहीत कारण नोटबुक चाललं, लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) खाली आला, विषय संपला.

पण हे जमतं कधीपर्यंत, तर कोड फक्त पायथॉन वाचतोय तोपर्यंत. एकदा का तोच कोड कंपायलरकडे, म्हणजे कोड आधी वाचून दुसऱ्या रूपात बदलून देणाऱ्या प्रोग्रामकडे गेला, मग तो टॉर्चस्क्रिप्ट असेल, नंबा असेल, सायथॉन असेल, की टाइपची हिंट एकदम कामाची होते, आणि गंमत म्हणजे प्रत्येक कंपायलर तिचं वेगळंच काहीतरी करतो. एक तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो, एक तिच्यामुळे हळू चालणारा कोड बनवू शकतो, आणि एक तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मी गेली काही वर्षं मॉडेल ट्रेनिंगमधून काढून प्रॉडक्शनमध्ये नेण्याचंच काम करतोय आणि माझं मत असं झालंय की हिंट किती दिल्या याला फार अर्थ नाही, कंपायलरला त्याच्या जागेवरून जे दिसूच शकत नाही तेवढंच त्याला सांगायचं असतं, आणि कुठल्या कंपायलरला काय दिसत नाही हे एकदा कळलं की निम्म्या एरर वाचायच्या आधीच सुटतात.

टॉर्चस्क्रिप्टपासून सुरू करतो. मॉडेल बनवायची लायब्ररी पायटॉर्च, तिचं १.० डिसेंबर २०१८ मध्ये आलं त्याच्यासोबत हे आलं, कारण सरळ होतं, मॉडेल पायथॉनमध्ये ट्रेन करायचं पण चालवायचं सी प्लस प्लसच्या सर्व्हरवर किंवा फोनवर, जिथे पायथॉन नाहीच. आता नवीन कामासाठी पायटॉर्चचे लोक स्वतःच टॉर्च डॉट एक्सपोर्ट वापरा म्हणतात, त्यावर खाली येतोच, पण जुनी मॉडेल्स अजून भरपूर ठिकाणी यावरच चालू आहेत आणि हिंट म्हणजे काय हे शिकायला याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

मुद्दा असा की टॉर्च डॉट जिट डॉट स्क्रिप्ट तुमचं फंक्शन चालवत नाही, ते फंक्शनचा सोर्स कोड वाचतं. व्हॅल्यू त्याच्या हातात नसतात, फक्त अक्षरं असतात. मग आर्ग्युमेंटचा टाइप कळणार कुठून? तर त्याने एक नियम ठरवलाय, हिंट नसेल तर तो टेन्सर, म्हणजे आकड्यांचा तक्ता. मॉडेलच्या कोडमध्ये बहुतेक गोष्टी टेन्सरच असतात त्यामुळे हा नियम चांगलाच आहे, पण जिथे तो चुकतो तिथे एरर लांब कुठेतरी येतो. तुम्ही एन नावाचं आर्ग्युमेंट घेतलं, आत स्लाइस करायला वापरलं, स्क्रिप्ट करताना बऱ्याचदा सगळं नीट पार पडतं कारण टेन्सरपासून इंट बनवायची सोय आत आहे, आणि मग कॉल करताना ५ पाठवला की तो म्हणतो एन साठी टेन्सर अपेक्षित होता, सापडला इंट. त्याच एररच्या खाली एक ओळ असते की एन ला काही टाइप दिलेला नव्हता म्हणून आम्ही टेन्सर धरला. ती ओळ लोक वाचत नाहीत. वरची ओळ कॉपी करून सर्च करतात आणि उत्तर खालच्याच ओळीत असतं!

एक खरं उदाहरण घेऊ. आमच्याकडे स्कॅन केलेल्या देवनागरी ओळींमधली अक्षरं ओळखणारं मॉडेल आहे, त्याचा डीकोडर (उत्तर तयार करणारा भाग) एलएसटीएमचा, म्हणजे मागचं लक्षात ठेवणाऱ्या नेटवर्कचा, एकेक अक्षर काढत जातो. त्याच्या फॉरवर्डला, म्हणजे मॉडेल चालवणाऱ्या फंक्शनला, सेल्फ सोडून तीन आर्ग्युमेंट आहेत, आणि हिंट लिहिल्यावर ते असं दिसतं:

डेफ फॉरवर्ड(सेल्फ, एक्स, मॅक्स_लेन: इंट, स्टेट: ऑप्शनल[टपल[टेन्सर, टेन्सर]] = नन)

एक्सला हिंट नाही दिली तरी चालतं, तो टेन्सरच आहे (मी देतो, माणसांसाठी). मॅक्स_लेनला दिलीच पाहिजे. आणि स्टेट ही सगळ्यात महत्त्वाची, कारण नन, म्हणजे काहीच नाही, या डीफॉल्टवरून कंपायलरला काय कळणार? ननच्या जागी उद्या काय येणार हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. एलएसटीएमची स्टेट म्हणजे एच आणि सी असे दोन टेन्सर हे तुम्हाला माहिती आहे, मला माहिती आहे, कोडला नाही. हे आहे न दिसणाऱ्या माहितीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

आता आत काय होतं बघा. ऑप्शनल, म्हणजे नन पण असू शकणारी, गोष्ट थेट वापरता येत नाही, आधी ती नन नाही हे कंपायलरला पटवावं लागतं. इफ स्टेट इज नन, मग स्टेट मध्ये शून्याचे दोन टेन्सर टाका, एवढं लिहिलं की त्याच्या पुढे तो स्टेटला टपल (इथे दोन टेन्सरची जोडी) समजतो, ऑप्शनल नाही. असर्ट स्टेट इज नॉट नन लिहिलं तरी चालतं. पण हेच सेल्फवर असलेल्या ॲट्रिब्यूटला चालत नाही! सेल्फ डॉट कॅश इज नॉट नन असं तपासलं, आणि लगेच पुढच्या ओळीत सेल्फ डॉट कॅश वापरलं, तरी एरर. लोकांना वाटतं हा बग आहे. बग नाही, कंपायलरचं बरोबर आहे, कारण तपासणी आणि वापर यांच्यामध्ये दुसऱ्या कुठल्या मेथडने सेल्फवरचं कॅश बदलून परत नन केलेलं असू शकतं, आणि नाही केलेलं याची खात्री तो देऊ शकत नाही. म्हणून आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, कॅश = सेल्फ डॉट कॅश, मग तपासायचं, मग तेच लोकल वापरायचं. लोकल व्हेरिएबल दुसरं कोणी बदलू शकत नाही. मला हा भाग फार आवडतो, कारण इथे कंपायलर काय विचार करतोय ते अगदी स्पष्ट दिसतं.

मग रिकामी लिस्ट. आउटपुट = [] असं लिहिलं की टॉर्चस्क्रिप्ट म्हणतं ही टेन्सरची लिस्ट. रिकाम्या डिक्शनरीलाही तसंच, की स्ट्रिंग आणि व्हॅल्यू टेन्सर. आपण त्यात अक्षरांचे आयडी टाकणार असू, म्हणजे इंट, तर ॲपेंडच्या ओळीवर अडतं. तिथे आउटपुट: लिस्ट[इंट] = [] एवढं केलं की झालं. हीच रिकामी लिस्ट जर इनिटमध्ये सेल्फवर ठेवली असेल तर कंपायलर ती चालू व्हॅल्यू बघून टाइप ठरवायला जातो, आणि रिकाम्या लिस्टमधून काय दिसणार, म्हणून तिथे क्लासच्या अंगातच वर हिंट लिहून ठेवावी लागते.

आता काही एरर अशा असतात की त्या टाइपच्या वाटतात पण हिंट देऊन सुटत नाहीत, कोडच बदलावा लागतो, आणि हा फरक माहीत नसला की माणूस तासन् तास हिंटा बदलत बसतो. स्कोर = ० असं सुरू करून लूपमध्ये त्यात लॉग प्रोबॅबिलिटी मिळवत जायची, हे पायथॉनमध्ये आपण रोज लिहितो. टॉर्चस्क्रिप्ट म्हणतं स्कोर आधी इंट होता आता टेन्सर कसा झाला. एका व्हेरिएबलला एकच टाइप, आयुष्यभर. इथे स्कोरला टेन्सर अशी हिंट दिली तरी उजव्या बाजूला इंटच आहे ना, मग सुरुवातच टॉर्च डॉट झीरोजने करायची. अगदी फ्लोट जरी मिळवत असाल तरी ० नाही, ०.० लिहायचं. तसंच इफच्या एका बाजूला टेन्सर आणि एल्सच्या बाजूला इंट असं एकाच नावात चालत नाही. आणि डिक्शनरीमध्ये सगळ्या व्हॅल्यू एकाच टाइपच्या हव्यात, त्यामुळे ते आपलं नेहमीचं बॅच म्हणून डिक्शनरी असते ना, इमेज म्हणजे टेन्सर, फाइलचं नाव म्हणजे स्ट्रिंग, लांबी म्हणजे इंट, सगळं एकाच पिशवीत, ते स्क्रिप्टमध्ये बसत नाही. नेम्डटपल करा, प्रत्येक फील्डला त्याचा टाइप द्या. खरं सांगायचं तर टॉर्चस्क्रिप्ट नसतं तरी ते नेम्डटपलच असायला हवं होतं.

याचं सगळ्यात मोठं जाहीर उदाहरण टॉर्चव्हिजन या पायटॉर्चच्या इमेजसाठीच्या लायब्ररीमध्येच आहे, कोणीही जाऊन बघा. फास्टर आरसीएनएन, मास्क आरसीएनएन ही जी इमेजमधल्या वस्तू शोधणारी डिटेक्शन मॉडेल्स आहेत ती ट्रेनिंग चालू असताना लॉसची डिक्शनरी परत देतात आणि ट्रेनिंग नसताना डिटेक्शनची लिस्ट. म्हणजे रिटर्न टाइप सेल्फ डॉट ट्रेनिंगवर ठरतो, जी रनटाइमची गोष्ट झाली. पायथॉनला त्याचं काही नाही. कंपायलरला मात्र एकच रिटर्न टाइप हवा, मग त्यांनी काय केलं तर स्क्रिप्ट केलेलं मॉडेल नेहमी दोन्हीची टपल देतं, लॉस आणि डिटेक्शन, आणि त्यातलं तुम्हाला नको ते रिकामं असतं, आणि तशी वॉर्निंगही छापतं. त्या फॉरवर्डची हिंट वाचण्यासारखी आहे: इमेजेस म्हणजे लिस्ट[टेन्सर], टार्गेट्स म्हणजे ऑप्शनल[लिस्ट[डिक्ट[स्ट्रिंग, टेन्सर]]]. एका ओळीत कळतं की प्रत्येक इमेज वेगळ्या साइझची असू शकते म्हणून एक मोठा टेन्सर नाही तर लिस्ट घेतलीय, आणि टार्गेट फक्त ट्रेनिंगला लागतं. अशी ओळ असली की डॉक्युमेंटेशनचं पान उघडावंच लागत नाही.

आमच्या टीममध्ये नुकतीच जॉइन झालेली एक मुलगी आहे, तिने हे सगळं बघून विचारलं, "मग सर, सगळ्याच लोकल व्हेरिएबलना हिंट देऊन टाकू का, परत त्रास नको?" म्हटलं अजिबात नको. लोकल व्हेरिएबलचा टाइप कंपायलर उजव्या बाजूवरून स्वतः काढतो, तो त्याला स्वच्छ दिसतो. आपण लिहिलं तर एकच माहिती दोन ठिकाणी झाली, उद्या उजवी बाजू बदलली की डावी पण बदलत बसा. आर्ग्युमेंट, नन, रिकामी लिस्ट, रिकामी डिक्शनरी, सेल्फवरच्या अशाच गोष्टी, बास. ती म्हणाली, "एवढंच?" एवढंच. आणि जुना प्रचंड कोड हातात आला असेल, कोणीच हिंट लिहिलेल्या नसतील, तर इन्स्टाग्रामच्या लोकांनी २०१७ मध्ये ओपन सोर्स केलेलं मंकीटाइप आहे, ते कोड चालताना बघतं की कुठल्या आर्ग्युमेंटला खरंच काय टाइप आले, आणि टॉर्च डॉट जिट डॉट स्क्रिप्टला उदाहरणाचे इनपुट दिले तर ते त्याच मंकीटाइपच्या मदतीने टाइप ठरवतं. सुरुवातीला बरं पडतं, पण तुमच्या उदाहरणात स्टेट कधी नन आलाच नाही तर त्याला ऑप्शनल कळणार नाही, हे लक्षात ठेवून मगच वापरा.

आता स्पीडचं. खूप जणांना वाटतं हिंट दिल्या म्हणून मॉडेल फास्ट होईल, सी सारखं. टॉर्चस्क्रिप्टमध्ये तसं नाहीये. टेन्सर हा एकच टाइप आहे, त्यात फ्लोट ३२ आहे की फ्लोट १६, साइझ किती, सीपीयूवर की जीपीयूवर, हे काहीही नाही. डब्यावर नुसतं डाळ लिहिलंय, तूर की मूग आणि किती किलो ते झाकण उघडल्यावरच कळणार, तसंच. त्यामुळे हिंटमुळे प्रोग्राम कंपाइल होतो, पायथॉनशिवाय चालतो, पण कर्नल (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) एकत्र करणं वगैरे खरं ऑप्टिमायझेशन करायला ती माहिती पुरत नाही. म्हणून आतला एक्झिक्युटर पहिल्या काही रनमध्ये नुसता बघतो, कुठले डीटाइप (आतल्या आकड्यांचा प्रकार) आणि शेप (साइझ) येतायत ते नोंदवतो, मग त्याच्यासाठी खास कोड बनवतो आणि समोर चेक लावतो, चेक फसला तर साध्या रस्त्याने जातो. सर्व्हर सुरू केल्यावर पहिल्या एक दोन रिक्वेस्ट हळू जातात त्याचं मोठं कारण बऱ्याचदा हे असतं, म्हणून लोड टेस्टच्या आधी वॉर्मअप द्यायचा, आणि वॉर्मअपला खऱ्यासारखेच शेप द्यायचे.

नंबाची गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. प्रीप्रोसेसिंगमध्ये, म्हणजे नमपाय ॲरेवर लूप मारायचा असेल तिथे आपण फंक्शनवर नंबाचं एनजिट लावतो. नुसतं लावलं, काही हिंट नाही, तर पहिल्या कॉलला तो खरे आर्ग्युमेंट बघतो, हा फ्लोट ६४ चा एक डायमेन्शनचा ॲरे आहे, मेमरीत सलग आहे, आणि त्यासाठी मशीन कोड बनवतो. दुसऱ्या टाइपचं काही आलं तर त्यासाठी दुसरा बनवतो. मग कोणाला तरी वाटतं की आपण सिग्नेचर, म्हणजे आर्ग्युमेंटचे टाइप, आधीच लिहून दिली तर अजून चांगलं होईल, आणि तो लिहितो फ्लोट६४[:]. आणि कोड हळू होऊ शकतो.

का? तर फ्लोट६४[:] याचा नंबामध्ये अर्थ आहे फ्लोट ६४ चा कुठल्याही लेआउटचा ॲरे. प्रत्येक घटकामध्ये कितीही अंतर असू शकतं, म्हणजे कोणी दर दुसरा घटक घेतलेला स्लाइस दिला तरी चालला पाहिजे. त्यामुळे पुढचा घटक कुठे आहे हे काढायला स्ट्राइड, म्हणजे ते अंतर, वाचून गुणाकार करावा लागतो, आणि खाली मशीन कोड बनवणाऱ्या एलएलव्हीएमला चार किंवा आठ आकडे एकदम उचलून व्हेक्टर इन्स्ट्रक्शन वापरायला अवघड जातं, कारण ते शेजारी शेजारी आहेत याची खात्री नाही. हिंट न देता जे त्याला दिसत होतं, सलग आहे, ते आपण हिंट देऊन पुसून टाकलं. बरोबर सिग्नेचर आहे फ्लोट६४[::१], त्या शेवटच्या १ चा अर्थ सलग. दोन डायमेन्शन असतील तर फ्लोट६४[:, ::१]. तपासायचं असेल तर फंक्शनच्या नावापुढे डॉट सिग्नेचर्स प्रिंट करा, लेआउटच्या जागी सी दिसलं तर सलग, ए दिसलं तर काहीही. प्रत्येक पिक्सेलमधून मीन वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशनने भागणारा साधा लूप घ्या आणि दोन्ही सिग्नेचर देऊन स्वतः टाइम करून बघा, मी सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल.

शिवाय सिग्नेचर दिली की नंबा नवीन टाइपसाठी कंपाइल करणं बंद करतो. फ्लोट ३२ चा ॲरे आला, जो मशीन लर्निंगमध्ये येणारच कारण मॉडेलला तोच लागतो, तर सरळ एरर की या टाइपची डेफिनिशन नाही. काही वेळा हेच हवं असतं! इम्पोर्ट करतानाच कंपाइल व्हावं, पहिल्या रिक्वेस्टला नको, आणि सिग्नेचर फ्लोट ३२ ची असताना कोणी चुकून फ्लोट ६४ पाठवला तर तिथेच कळावं, यासाठी मी सिग्नेचर देतो. स्पीडसाठी नाही.

सायथॉन पायथॉनसारख्या कोडचं सी मध्ये भाषांतर करतो, आणि तिथे मात्र हिंट हाच सगळा खेळ आहे. तिथे टाइप नसेल तर तो पायथॉन ऑब्जेक्ट, आणि लूपच्या आत प्रत्येक बेरजेला पायथॉनचा सगळा लवाजमा. सायथॉनला मायनस ए देऊन चालवलं की एचटीएमएल फाइल बनते, त्यात जिथे जिथे पायथॉनशी बोलणं होतंय त्या ओळी पिवळ्या दिसतात, जितकं गडद पिवळं तितका जास्त खर्च. आतल्या लूपमध्ये एक काउंटर जरी टाइपशिवाय राहिला तरी ती ओळ पिवळी होते. सायकिट लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीमधला ट्री, के मीन्स वगैरेचा जड भाग असाच सायथॉनमध्ये लिहिलेला आहे, आणि तिथे एकच फंक्शन फ्लोट ३२ आणि फ्लोट ६४ दोन्हीसाठी हवं म्हणून फ्यूज्ड टाइप वापरतात, कंपायलर दोन वेगळी फंक्शन बनवून देतो. इथलं सलग मेमरीचं लिखाण नंबासारखंच आहे, डबल[:, ::१], आणि सलग नसलेला ॲरे दिला तर कॉलच्या वेळीच एरर येते, म्हणजे इथे हिंट तपासली पण जाते.

आणि मग मार्च २०२३ मध्ये पायटॉर्च २.० आलं, टॉर्च डॉट कंपाइल घेऊन, आणि खूप लोक म्हणाले चला, हिंटांची कटकट संपली. एका अर्थाने खरं आहे. त्यातला डायनॅमो हा भाग पायथॉनच्या फ्रेमच्या, म्हणजे चालू फंक्शनच्या, आतच बसतो, पेप ५२३ मुळे ते शक्य झालं, आणि बाइटकोड चालायच्या क्षणी खरे आर्ग्युमेंट हातात घेऊन बघतो. मॅक्स_लेन इंट आहे का टेन्सर हे त्याला विचारावंच लागत नाही, त्याच्या समोर ४० हा आकडा असतो. तुमच्या पायथॉनच्या हिंटांवर तो अवलंबून नसतो. मग गार्ड बनवतो, म्हणजे हा कंपाइल केलेला कोड तेव्हाच वापरायचा जेव्हा डीटाइप हा असेल, शेप हा असेल, वगैरे, आणि गार्ड फसला की परत कंपाइल.

पण त्याला फक्त आत्ताचं दिसतं. उद्याचं नाही दिसत. आमच्या ओळींच्या फोटोची उंची ठरलेली असते पण रुंदी प्रत्येक ओळीची वेगळी, एक ओळ पूर्ण, पुढची परिच्छेदाची शेवटची दोन शब्दांची. पहिली ओळ ८०० पिक्सेलची आली की तो ८०० साठीच कोड बनवतो. दुसरी वेगळ्या रुंदीची आली की परत कंपाइल करतो, या वेळी त्याला कळतं की ही रुंदी बदलणारी आहे आणि तो ती डायनॅमिक धरतो. म्हणजे एक पूर्ण कंपाइल वाया, आणि मोठ्या मॉडेलला तो वेळ थोडा नसतो. इथे मार्क_डायनॅमिक आहे, टेन्सर आणि डायमेन्शनचा नंबर द्यायचा, पहिल्याच वेळी तो सामान्य कोड बनवतो. हीसुद्धा टाइप हिंटच आहे माझ्या दृष्टीने, फक्त लिहायची जागा बदलली. टॉर्च_लॉग्ज या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये रिकंपाइल्स टाकून एकदा चालवा, प्रत्येक वेळी कुठला गार्ड फसला ते तो लिहून देतो, आणि मार्क_डायनॅमिक नेमकं कुठे लावायचं ते समोर येतं.

टॉर्च डॉट एक्सपोर्टमध्ये तर हे टाळताच येत नाही, कारण तिथून एकच ग्राफ बाहेर पडतो, तो पायथॉनशिवाय चालायचा असतो, आणि रनटाइमला परत कंपाइल करायला कोणी नसतं. काही सांगितलं नाही तर उदाहरणातले सगळे आकडे पक्के. म्हणून डायनॅमिक_शेप्स मध्ये सांगायचं की बॅच हा डिम (बदलू शकणारं डायमेन्शन) आहे, रुंदी हा डिम आहे, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. यात दोन गोष्टी सगळ्यांना सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे उदाहरणाच्या इनपुटला बॅच १ देऊ नका. ० आणि १ या साइझ कंपायलर वेगळ्या धरतो, कारण १ असला की ब्रॉडकास्टिंगचा, म्हणजे छोटा टेन्सर ताणून मोठ्याशी जुळवण्याचा, अर्थच बदलतो, त्यामुळे १ दिला की तो १ वरच अडकून बसतो आणि मग डायनॅमिक म्हणून सांगितलेलं आणि त्याने धरलेलं जुळत नाही. २ किंवा जास्त द्या. दुसरं, डिम डॉट ऑटो म्हणून सोय आहे, तो जमेल तिथे डायनॅमिक ठेवतो आणि जमलं नाही तर गुपचूप पक्का आकडा धरतो. प्रयोग करताना ठीक. प्रॉडक्शनला जाणाऱ्या मॉडेलमध्ये मी डिम डॉट डायनॅमिक किंवा नाव दिलेला डिमच लिहितो, कारण तिथे शब्द पाळता आला नाही तर तो एरर देतो, आणि मला ती एरर माझ्या मशीनवर हवी आहे, सर्व्हरवर नको.

त्या एररचं नाव लांबलचक आहे, कन्स्ट्रेंट व्हायोलेशन, आणि पहिल्यांदा बघितली की धडकी भरते, पण तिच्या शेवटी सजेस्टेड फिक्सेस म्हणून भाग असतो तो आधी वाचा. आमच्या मॉडेलमध्ये रुंदीचे आठ आठ पिक्सेलचे तुकडे करून पुढे पाठवणारी एक व्ह्यू ची (टेन्सरचा शेप बदलणारी) ओळ आहे. रुंदी नुसती डिम म्हणून एक्सपोर्ट करायला गेलो तर त्याने त्या ओळीतून काढून दाखवलं की ही रुंदी कुठलीही असू शकत नाही, ८ च्या पटीतच हवी, आणि रुंदी = ८ गुणिले नवीन डिम असं लिहा म्हणून सुचवलं. पॅडिंग करणारा, म्हणजे कडेला भर घालून रुंदी वाढवणारा, कोड वेगळ्या फाइलमध्ये होता, तो ८ च्या पटीत पॅड करत होताच, पण का करतो हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आता मॉडेलच्या एक्सपोर्टमध्ये ८ गुणिले डिम आहे, पॅडिंगवाली फाइल तोच आकडा तिथून घेते, आणि ८१० रुंदीची ओळ कोणी थेट पाठवली तर मॉडेल चालायच्या आधीच ती नाकारली जाते.